रुक्मिणीचा अनुशेष

महाकाव्यातल्या नायिकेचं माहेर ज्या गावाच्या नदीपल्याड आहे, त्या गावाच्या दूरदर्शनकडून काय अपेक्षा असतील, याचा विचार मुंबईतल्या कुठल्या निर्मात्यानं कधी केला नसेल. करायचं काही कारणही नव्हतं. आर्वी तालुक्यातलं आमचं रोहणा नकाशावर दिसायला भिंग लागतं. पुलगावहून आर्वीकडे निघालं की ते वाटेत भेटतं; एकेकाळी 1917 सालच्या नॅरोगेज रुळांवरून येणारी, घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेली शकुंतला गाडी तिथं थांबायची. वर्धा नदी काही फार लांब नाही. ती ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरलं की तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर लागतं. पुराणातलं कुंडिनपूर, भीष्मक राजाची राजधानी. रुक्मिणी तिथली. साऱ्या देशासाठी महाभारताची अठरा पर्वं असतील. आमच्या भागासाठी त्यात एकच प्रकरण होतं. ते प्रकरण मूळ अठरा पर्वांत सविस्तर नाहीच, हरिवंशात आणि भागवतात आहे, ही बारीकशी अडचण आमच्याकडे कोणी मनावर घेत नसे. आपल्या मुलीचं लग्न कुठल्या खंडात छापलंय, हे माहेरच्यांनी कशाला बघायचं?

2 ऑक्टोबर 1988 ला बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं आणि 24 जून 1990 पर्यंत, 94 भाग संपेस्तोवर, रविवारची सकाळ कोणाच्याच मालकीची राहिली नाही. कापूस वेचायला माणूस मिळेना, न्हाव्याची खुर्ची रिकामी, आणि आमच्या ओसरीत मात्र चपला कुठं काढाव्यात हा प्रश्न. संच काळापांढरा होता. त्यामुळे एक मोठा तंटा जन्मालाच आला नाही. कृष्ण निळा असावा की सावळा, यावर पुढं रंगीत संचांच्या घरांत बरीच चर्चा झाली म्हणतात. आमच्याकडे मोरपीस, पितांबर, यमुना आणि गोकुळातली लोण्याची हंडी सगळंच राखाडी होतं, ज्याला जो रंग हवा तो त्यानं आपापल्या घरून आणावा. हरीश भिमाणींच्या आवाजातला ‘समय’ बोलू लागला की आजी त्याला हुंकार द्यायची. पोथी सांगणाऱ्याला श्रोत्यानं हुंकार द्यायचाच असतो, नाहीतर त्याला वाटेल की सगळे झोपले. समय बिचारा दिल्लीहून बोलत होता, त्याला हे कळण्याची सोय नव्हती. पण शिष्टाचार तो शिष्टाचार.

कृष्णाचं काम करणारे नितीश भारद्वाज मराठी आहेत आणि शिक्षणानं गुराढोरांचे डॉक्टर आहेत, ही बातमी पुलगावहून आलेल्या एका मासिकातून गावात उतरली तेव्हा एरवी कशानंच प्रभावित न होणारे शेजारचे काकाजीसुद्धा हलले. त्यांच्या बैलाचा पाय तेव्हा सुजलेला होता. बराच वेळ पडद्याकडे पाहत ते म्हणाले, “मंग बराबर हाये. गाईगुराचं दुखणं समजनाराच पाह्यजे थो.” नटांच्या निवडीवर पुढं जगभर जे वाद मी वाचले, त्यांत इतका ठोस निकष मला कुठं सापडला नाही.

खरं तर कथा ठाऊक असलेला माणूस प्रेक्षक म्हणून फार अवघड. पुढं काय होणार हे बघायला तो बसलेलाच नसतो, तो पडताळणीला बसतो. ओसरीत जितकी माणसं, तितकी महाभारतं त्या संचासमोर मांडी घालून बसलेली असत. आजीचं महाभारत श्रीधराच्या ‘पांडवप्रतापा’तून आलेलं, 1712 साली लिहून झालेली ती पोथी देवळात चातुर्मासात लागे, आणि सगळ्या पात्रांचे स्वभाव तिच्या कानांनी तेव्हाच पक्के करून ठेवलेले. शाळेतले गुरुजी ‘मृत्युंजय’ वाचून कायमचे कर्णाच्या बाजूला गेले होते. पंकज धीर यांचा कर्ण नुसता चालत आला तरी गुरुजी चष्मा पुसायला घेत. आत्या वर्ध्याच्या कॉलेजात शिकलेली. तिनं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचलेलं असल्यामुळे ती कोणाच्याच बाजूला नव्हती, आणि भीष्म गंभीर चेहऱ्यानं काही बोलू लागले की तिच्या भुवया वर जात. गंमत म्हणजे गुरुजींचं पुस्तक आणि आत्याचं पुस्तक दोन्ही 1967 सालची. एकाच वर्षी मराठी माणसाच्या हातात कोणी रुमाल दिला आणि कोणी भिंग, आणि वीस वर्षांनी ते दोघं रोहण्यातल्या एका सतरंजीवर शेजारी येऊन बसले. आम्हा पोट्ट्यांचं महाभारत अमर चित्रकथेतलं, म्हणून दंडाचे स्नायू मोजण्यापलीकडं आमची काही तक्रार नसायची. भीमाच्या कामाला आशियाई खेळांत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेले प्रवीणकुमार आले, तेव्हा तीही मिटली.

पण हे सगळं वाट पाहता पाहता चाललं होतं. वाट रुक्मिणीची.

कृष्ण मथुरेहून द्वारकेला गेला आणि ओसरीत कुजबूज सुरू झाली. आता येईल. आता विदर्भ येईल. जुन्या ग्रंथांत विदर्भ येतो तो बहुधा मुलगी देण्यापुरताच, हे मला फार पुढं ध्यानात आलं. अगस्त्य ऋषींची लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या. नळाची दमयंती विदर्भाची. कालिदासाच्या रघुवंशातली, फुलांची माळ अंगावर पडून प्राण गेलेली अजाची इंदुमती, तीही विदर्भाची. आणि मग रुक्मिणी. चार मोठी घरं उजळवायला मुली इथून गेल्या आणि प्रत्येक वेळी कवी मुलीच्या रथाबरोबर निघून गेला. मागं राहिलेल्यांकडं वळून बघायला एकालाही सवड झाली नाही. तेव्हा आमच्या गावाची दूरदर्शनकडून अपेक्षा असलीच तर अगदी माफक होती. नदी दाखवावी. अंबिकेचं देऊळ दाखवावं. भीष्मकाला दोन वाक्यं जास्त द्यावीत. आणि ‘विदर्भ’ हा उच्चार नीट, ठासून व्हावा, म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांनाही ऐकू जाईल.

तो रविवार आला. त्या दिवशी लाईनही गेली नाही; गेली असती तर दोष द्यायला कोणी तरी सापडलं असतं. अँटेनाचा बांबू धरायला छपरावर चढवलेल्या चुलतभावाला काहीच दिसत नव्हतं, तो वरूनच ओरडून विचारत होता, “आली का? आली का?” आली. पत्र गेलं, कृष्ण आला, देऊळ, रथ, धावपळ, लढाई. मुंबईच्या फिल्मसिटीत विदर्भाचा राजवाडा उभा राहिला होता आणि त्याचे खांब मला तरी हस्तिनापूरच्या खांबांचे सख्खे भाऊ वाटले. चन्ना रुपारेल यांची रुक्मिणी गोड दिसली, याबद्दल दुमत नव्हतं. नदी दिसली नाही. कृष्णानं तिला रथात घेतलं, रथ निघाला, कॅमेरा रथाबरोबर निघाला, आणि बघता बघता आम्ही द्वारकेत होतो. माहेर संपलं होतं. ओसरीत टाळ्या वाजल्या, कारण शेवटी जावई चांगला मिळाला होता. त्या टाळ्या ओसरल्यावर आजी बोलली. ती इतका वेळ हुंकार द्यायची थांबली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

“सैपाक कोणं खाल्ला?” आजीनं विचारलं.

कोणाला काही कळेना. मग तिनं नीट समजावून सांगितलं. लग्न ठरलं होतं शिशुपालाशी. चेदीचं वऱ्हाड आलं होतं, जरासंध आला होता, जोडीला कितीक राजे आपापली सेना घेऊन आले होते. म्हणजे मांडव पडला होता, चुली पेटल्या होत्या, डाळ शिजली होती, पुरण वाटलं गेलं होतं. मुलगी देवळात गेली ती परत आली नाही, पाहुणे लढायला धावले आणि मार खाऊन आपापल्या गावी गेले. “मंग एवढा रांधलेला सैपाक कोणं खाल्ला? थो भीष्मक जेवला असन का त्या राती?” गुरुजींनी चष्मा लावला, काढला. त्यांच्या पुस्तकात हे नव्हतं. आत्याच्या पुस्तकातही नव्हतं. आत्यानं मात्र आजीकडं असं पाहिलं, जणू इतकी वर्षं घरात एक विदुषी भाकरी थापत बसली होती आणि कोणी तिला ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं नव्हतं.

त्या प्रश्नानं मला पुढं फार छळलं. ज्या घरात लग्न मोडलंय त्या घराच्या अंगणातल्या पत्रावळी कोणी तरी उचलल्याच असतील. कौंडण्यपूरला 1960 च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं, सातवाहनकाळापर्यंत आणि त्याच्याही मागं जाणारे वस्तीचे थर निघाले, आणि उत्खननात निघतात तशी ढिगानं खापरं निघाली. हे मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा तिला त्या खापरांचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तिच्या मते ती कोणत्या पंगतीची, हे उघडच होतं.

आमच्याकडे ‘अनुशेष’ ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984 साली अहवाल दिला, कोणत्या भागाला सिंचन किती कमी, रस्ते किती कमी, वीज किती कमी याचे आकडे मांडले, आणि तेव्हापासून विदर्भातल्या कुठल्याही भाषणात तो आकडा येतोच. पुराणातला अनुशेष मात्र कोणी मोजलेला नाही. मोजायचाच झाला तर पहिली नोंद रुक्मीची करावी लागेल. रुक्मिणीचा हा थोरला भाऊ सगळ्या मालिकांत मिशा पिळून ओरडण्यापुरता येतो. भागवतात मात्र त्याची गोष्ट त्याहून करुण आहे आणि थोडी हास्यास्पदही. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही असं म्हणून तो निघाला, हरला, आणि कृष्णानं त्याला मारलं नाही, अर्धवट डोकं नि मिशा भादरून सोडलं. बलरामानं त्यावरून धाकट्या भावाला चांगलं झापलं. सोयऱ्याची अशी दशा करतात का, म्हणून. रुक्मी मग लाजेनं घरी गेलाच नाही. वाटेत भोजकट नावाचं नवं नगर वसवून राहिला. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजे ते भोजकट, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे घरापासून असा लांब गेलाच नव्हता, दोन-तीन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर अडून बसला होता. असे रुसलेले भाऊ आमच्या तालुक्यात आजही निघतील, फक्त नगरं वसवण्याची ऐपत नाही. पुढं कुरुक्षेत्राच्या वेळी तो मोठी सेना घेऊन मदतीला गेला, आणि पांडवांनी नको म्हटलं, मग कौरवांनीही नको म्हटलं. सगळं भारतवर्ष ज्या लढाईत होतं, त्या लढाईत विदर्भाची सेना दोन्ही दारांवरून परत आली. दांडेकर समितीला हे दाखवायला हवं होतं.

आणि एवढं होऊनही नातं तुटलं नाही, ही गोष्ट तर पडद्यावर मी कधीच पाहिली नाही. रुक्मिणीच्या मुलाचं, प्रद्युम्नाचं लग्न रुक्मीच्याच मुलीशी झालं. मामाची मुलगी केली. ज्या मामाची मिशी बापानं भादरली, त्याच मामाच्या दारी मुलगा जावई म्हणून गेला. ही सोयरीक कोणी जमवली असेल, कोणत्या मावशीनं दोन्हीकडं हेलपाटे घातले असतील, पहिल्या भेटीत कृष्ण आणि रुक्मी एकमेकांच्या कोणत्या भागाकडं न बघता बोलले असतील, यावर एक सबंध भाग निघाला असता. पण त्या बोलण्यात शस्त्र नाही, चमत्कार नाही. नुसतं अवघडलेलं चहापाणी आहे, आणि चहाही नाही.

दूरदर्शनला मी फार बोल लावत नाही. मात्र त्याच्या आधीचे रूपांतरकार आपला श्रोता ओळखून होते, एवढं म्हणावंसं वाटतं. तेराव्या शतकात नदीच्या त्याच बाजूला, मोर्शीजवळच्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा लटका सोहळा भक्तांनी मांडला, तेव्हा महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून म्हटले. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं हे पहिलं मोठं काम, आणि ते लग्नाचं गाणं. त्याच शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीनं ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं. देवगिरीच्या रामदेवरायानं ओवीमागं सोन्याचं नाणं देऊ करून ते आपल्या नावावर मागितलं आणि कवीनं ते नाकारलं, अशी कथा आहे. प्रायोजकाचं नाव आधी दाखवण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नसावी. आणि 1571 साली काशीत बसून एकनाथांनी आपलं ‘रुक्मिणीस्वयंवर’ अठरा प्रसंगांत पुरं केलं. त्यात हरण तर आहेच, पण नाथ तिथं थांबले नाहीत. त्यांनी लग्न लावून दिलं, अगदी मराठी घरातल्यासारखं, मानपानासकट. उपवर मुलींनी ती पोथी वाचली की लग्न जुळतं म्हणून घरोघर तिची पारायणं होतात. आत्यालाही ती वाचायला बसवलं होतं. तिनं वाचली, शब्दकळेची वाखाणणी केली, आणि लग्न आपल्या सवडीनं केलं. नाथांना श्रोत्याची दुखरी जागा अचूक ठाऊक होती. त्या गर्दीत एखादी आजी बसलेली असणार आणि ती सैपाकाचं विचारणार.

माहेरपणावर हक्क सांगणारे आम्ही एकटेच नाही, हे कळलं तेव्हा मात्र ओसरीत खरी खळबळ माजली असती. सुदैवानं तोवर ओसरी ओस पडली होती. अमरावतीकर सांगतात की कृष्णानं रुक्मिणीला नेलं ते त्यांच्या अंबादेवीच्या देवळातून, आणि कौंडण्यपूरहून तिथवर भुयार होतं. एक वेळ समजू शकतो, जिल्हा तरी तोच आहे. पण पार अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे, आणि तिथले इदु मिश्मी लोक म्हणतात, रुक्मिणी आमची. त्यांच्यात केस पुढून कापायची रीत आहे, तीही कृष्णानं लग्नाला विरोध केल्याबद्दल दिलेल्या शिक्षेतून आली अशी त्यांची कथा. रुक्मीच्या भादरलेल्या डोक्याची ही पूर्वेकडची शाखा. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला या लग्नाचा मेळा रामनवमीपासून भरतो, आणि 2018 पासून ईशान्येतले लोक तिथं मुलीकडचे म्हणून येतात. आम्ही इथं नदीकाठी डाळ शिजवत बसलो होतो, आणि तिकडं वऱ्हाड वेगळ्याच गावाहून आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा लागलं. मग वाटलं, जिला दोन माहेरं आहेत तिचं दुःख निम्मं होत असेल.

माझा भाचा पुण्यात असतो आणि त्याच्या पुराणातल्या लोकांचे कान टोकदार असतात. 2022 साली टॉल्किनच्या जगावरची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ आली तेव्हा तो सुट्टीला गावी आला होता आणि फोनवर कोणाशी तरी हमरीतुमरीवर येऊन भांडत होता. विषय असा की बुटक्यांच्या युवराज्ञीला दाढी हवी होती की नको. पुस्तकांच्या चाहत्यांना हवी होती, मालिकेनं दिली नव्हती. शिवाय एल्फ लोकांचे केस आखूड दाखवले होते. मी त्याला रुक्मीच्या मिशांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मामा, हे तर भन्नाट आहे, आणि पुन्हा दाढीकडं वळला. त्याच्याकडूनच कळलं की ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट आवडला नाही म्हणून 2019 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी तो पुन्हा करा अशा अर्जावर सह्या केल्या. त्याला वाटलं, मी थक्क होईन. मी त्याला जालंधर सांगितलं. रामानंद सागरांचं ‘रामायण’ 31 जुलै 1988 ला राज्याभिषेकावर संपलं, तेव्हा तिथले सफाई कामगार संपावर गेले. वाल्मीकी त्यांचे, आश्रमात राहिलेली सीता आणि लव-कुश दाखवल्याखेरीज ‘वाल्मीकींचं रामायण’ पुरं कसं होईल? त्यांचं म्हणणं सरळ होतं. शहरात कचऱ्याचे ढीग साचले, दिल्ली हलली, आणि उत्तर रामायण आलं. सह्या करणाऱ्या दहा लाखांना जे मिळालं नाही, ते झाडू खाली ठेवणाऱ्या माणसांनी मिळवलं. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्यांना कोणीतरी मध्येच सोडून दिलंय असं वाटलं असेल ना?” पोरगा हुशार आहे, नुसता दाढ्यांत गुंतलाय.

28 मार्च 2020 पासून, सगळं बंद असताना, जुनं ‘महाभारत’ पुन्हा लागलं. या वेळी रंगीत. पितांबर पिवळा निघाला. आजी तेव्हा नव्हती, गुरुजीही नव्हते. आत्या सोफ्यावर पाय घेऊन बसली होती आणि भीष्म बोलू लागले की तिच्या भुवया त्याच जुन्या उंचीवर जात होत्या. रुक्मिणीचा भाग लागला, रथ निघाला, कॅमेरा पुन्हा एकदा त्याच्या मागं गेला. आत्या स्वयंपाकघराकडं बघत म्हणाली, “गेली बाई.” तशी ती दरवर्षीच सासरी जाते: कौंडण्यपूरची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते, 1594 पासून जाते असं सांगतात, विठ्ठलाच्या दारी ती लेकीच्या माहेरची पालखी म्हणूनच पोचते, आणि कार्तिकात तो पांडुरंग सासुरवाडीला येतो म्हणून कौंडण्यपूरला यात्रा भरते. 2021 मध्ये पायी वारी बंद होती आणि मानाच्या दहाच पालख्यांना परवानगी मिळाली, त्यात ही एक होती. एसटीच्या बसनं गेली. आत्याला ही बातमी फार आवडली. कृष्णाच्या रथाला जे जमलं नाही ते महामंडळाच्या गाडीनं करून दाखवलं, असं तिचं मत: मुलगी दिवसाउजेडी, सांगूनसवरून, पावती फाडून सासरी गेली.

गेल्या दिवाळीत भाच्यानं ओसरीत जाहीर केलं की आता हॅरी पॉटरवर सुद्धा सगळी नवी तोंडं घेऊन लांबलचक मालिका येतेय, पुस्तकातलं पानन् पान दाखवणार म्हणे. मग रुक्मिणीवर का येऊ नये? नुसत्या रुक्मिणीवर, सात-आठ भागांची, सगळी माहेरची बाजू. तो आराखडा लिहायला बसला आणि आमच्या घरातली उरलीसुरली मंडळी, काकाजींचा नातू, समोरच्या मावशी, सगळे पडताळणीला जमले. नदी पाहिजे, हे एकमतानं ठरलं. देऊरवाड्याच्या बाजूनं दिसते तशी. रुक्मी घरी परतलेला दाखवायचा नाही, पण रात्री येऊन वेशीवरून बघून गेलेला दाखवायचा, असं आत्यानं सुचवलं आणि कोणी विरोध केला नाही. चित्रीकरण मार्गशीर्षात, वैशाखात आमच्याकडे पंचेचाळीस अंशांत कोणी कोणाचं हरण करत नाही. आणि तिसरा भाग सबंध पंगतीचा. रथ गेल्यावर भीष्मक अंगणात येतो, आचाऱ्याला म्हणतो, वाढा, गावाला जेवू घाला. हे समोरच्या मावशींनी सांगितलं. त्यांना आजीचा प्रश्न माहीत असायचं कारण नव्हतं.

घोळ झाला तो पदार्थांवरून. मावशींनी रोडगे आणि वांग्याची भाजी सांगितली, वर लालभडक तर्री. भाचा नियमांचा पक्का. त्यानं लगेच सांगितलं की मिरची भारतात पोर्तुगिजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. द्वापरयुगात तर्री नाही. वांगं चालेल, ते इथलंच. आलू नाही, टमाटर नाही. मागच्या दृश्यात संत्र्याची बाग घेता येणार नाही, संत्रं भोसल्यांच्या काळात आलं. सोयाबीन तर परवाचं. काकाजींच्या नातवानं विचारलं, मग वावरात दाखवायचं काय? कापूस दाखवा, तूर दाखवा, भाचा म्हणाला, आणि भाजीत मिरी घाला, मिरी अस्सल आहे. ओसरीत जी शांतता पसरली ती त्यालाही जाणवली. पुस्तकाप्रमाणेच झालं पाहिजे, हा आग्रह इतका वेळ सगळ्यांचाच होता. मावशींनी पदर खोचला.

“मिरी टाकून लेकीच्या लग्नाची पंगत घालते का कोनी? मिरची टाका. बाकीचं सारं तुमच्या पुस्तकापरमानं करा, मी काई म्हन्नार नाई.”

भाच्यानं ते लिहून घेतलं, पुढं कंसात प्रश्नचिन्ह टाकलं, आणि आत्यानं त्याच्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं.